आर्वो होड्या बुडवतो

आर्वो निएमेलाकडे होडी कामाला दिली की परत मिळण्याआधी ती एकदा बुडते. तो स्वतःच ती बुडवतो, दिवसाढवळ्या, मालकाला आत बसवून. आमच्या साल्मी कॉर्नर गावात याचं आता कुणाला नवल वाटत नाही. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला वाटतं, पण तेही पहिल्यांदाच.

मी मार्लिस ट्वेट. तळ्याच्या उताराशी गळाला लावायची गांडुळं, जळवा आणि चिमुकले मासे विकणारं दुकान आहे ना, ते माझं. एकतीस वर्षं मी त्या खिडकीतून बघतेय, कोण होडी पाण्यात सोडतो, कोण बायकोवर ओरडतो आणि कोण बूच लावायला विसरतो. बूच विसरणं ही आमच्याकडची ठरलेली चूक. होडीच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी, अंगठा जाईल एवढं भोक असतं. होडी ट्रेलरवर असली की पावसाचं पाणी निघून जावं म्हणून बूच काढून ठेवायचं आणि पाण्यात उतरवताना लावायचं. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी मासेमारीच्या हंगामाच्या पहिल्या शनिवारी दोन-तीन शहाणे बूच खिशात ठेवून तळ्याच्या मध्यापर्यंत पोचतातच. माझा नवरा, वेंडेल, बूच चारदा विसरलाय. तो तीनदा म्हणतो.

आर्वो शाळेत माझ्या दोन इयत्ता पुढे होता. शाळा सुटल्यावर लोखंडाच्या खाणीत पंपांवर लागला तो चौतीस वर्षं तिथेच. खाणीत पाणी भरलं की काढायचं, पुन्हा भरलं की पुन्हा काढायचं. निवृत्त झाल्यावर त्याने घरामागच्या शेडमध्ये जुन्या ॲल्युमिनियमच्या होड्या नव्या करून द्यायला सुरुवात केली. लोक म्हणाले, आयुष्यभर पाणी उपसलं, आता होड्या पाण्यात घालतोय.  आर्वो फिनिश, म्हणजे फिनलंडच्या वंशाचा आहे, उत्तर द्यायला त्याला साधारण आठवडा लागतो.

जुन्या होडीत आडवी तीन बाकं असतात आणि प्रत्येक बाकाच्या पोटात फोम भरलेला असतो. होडीत पाणी शिरलं तरी ती तळाला जाऊ नये म्हणून तो असतो. हल्ली ही बाकं कुणालाच नको झालीत. तरण्यांना होडीत उभं राहून गळ फेकायचा असतो आणि आमच्या वयाच्यांना बाकं ओलांडवत नाहीत. मग बाकं कापायची आणि सपाट लाकडी ओटा बसवायचा. कापलेल्या बाकाबरोबर फोमही कचऱ्यात जातो, आणि माणूस खूश, की बघा, केवढी जागा झाली!

आर्वोकडे होडी आली की तो आधी ती तुळईला टांगून वजन करतो. हरणं तोलायचा काटा आहे त्याच्याकडे. कारखान्याने पत्र्यावर ठोकलेलं वजन आणि काट्यावरचं वजन यांत मोठा फरक असतो, कारण वीस-पंचवीस वर्षांत फोम पाणी पिऊन बसलेला असतो. बाक उघडलं की पिवळा, चिकट, मुंग्यांनी पोखरलेला गठ्ठा बाहेर येतो. कधी उंदराचं घरही निघतं. तसला एक तुकडा त्याने शेडच्या खिडकीत थाळीत ठेवलाय. कुणी म्हणालं, "फोम बदलायची काय गरज आहे, तसाच राहू दे," की आर्वो तो तुकडा उचलून त्याच्या हातात देतो.

"हे धर."

"बाप रे! जड आहे की!"

"यावर तू तरंगणार होतास."

एकदा मिनियापोलिसच्या एका साहेबाच्या नव्याकोऱ्या जाकिटावरून ते घाण पाणी कोपरापर्यंत ओघळलं. साहेबाने लगेच नवा फोम घालायला सांगितला.

नवा फोम तो निळ्या कडक पाट्यांमधून कापतो, पाणी न पिणारा. तळाला तो पाट्या चिकटवत नाही. खाली दोन बोटं जागा सोडतो, म्हणजे आत आलेलं पाणी वाहत बुचापर्यंत जातं. आणि बहुतेक सगळा फोम वर, दोन्ही बाजूंना काठाखाली, आणि मागे इंजिनाच्या दोन्ही अंगांना. ही त्याची खरी विद्या. कुणी विचारलंच तर म्हणतो, "पोहायला शिकताना हवेची ट्यूब काखेत घालतात. पायांत घालून बघ, काय होतं ते."

मग बुडवणं. माझ्या दुकानाच्या लाकडी धक्क्यापाशी पाणी छातीएवढं आहे, ते त्याने त्यासाठी कायमचं ठरवून टाकलंय. मला विचारलं होतं की नाही ते आठवत नाही. खरं इंजिन काढून एक मेलेलं इंजिन मागे लटकवायचं. बाकीच्या माणसांच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या जागच्या जागी ठेवायच्या. मालकाने बुडू न देणारं नारिंगी जाकीट घालून आत बसायचं. आर्वो छातीपर्यंतची रबरी विजार चढवून पाण्यात उतरतो आणि बूच काढतो. होडी काठोकाठ भरली की तो मालकाच्या हातात पत्र्याचा कप देतो, शिगोशीग कॉफीचा. ती शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन झाली, होडी सरळ राहिली, तर काम पास. आणि हे सगळं करायच्या आधी सौना, म्हणजे तळ्याकाठची त्याची वाफेने घाम काढायची खोली, तापलेला पाहिजे. सौना पेटवल्याशिवाय त्याने आजवर एकही होडी बुडवलेली नाही.

हे सगळं त्याला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही. स्वतःसाठी केलेल्या पहिल्याच होडीत त्याने सगळा फोम खाली, ओट्याच्या पोटात कोंबला होता. ऑगस्टमध्ये ती भर तळ्यात भरली आणि उलटी झाली. हा दोन तास तिच्या पोटावर पालथा पडून होता. शेवटी चर्चच्या बायकांची सहलीची नाव आली आणि त्यांनी याला वर घेतलं. त्यानंतर किनाऱ्यापर्यंत त्याला तीन भजनं ऐकावी लागली. ही गोष्ट तो स्वतःच सांगतो, कसलाही आडपडदा न ठेवता. चूक केल्याची लाज त्याला नाही, तीच चूक दुसऱ्यांदा करणाऱ्याचा मात्र त्याला राग येतो.

आता वेंडेलची गोष्ट.

आमचा एक नेम आहे. हंगाम उघडतो त्या शनिवारी सगळं जग मासे धरतं आणि आम्ही जळवा मोजून देतो. पुढच्या मंगळवारी दुकान बंद, आणि आम्ही दोघं वॉलाय मासे धरायला जातो. एकतीस वर्षांत एकही मंगळवार चुकलेला नाही. मला पोहता येत नाही. मे महिन्यातल्या आमच्या बर्फगार पाण्यात पोहणाऱ्यालाही फार वेळ मिळत नाही, म्हणून मी तो विचार कधी केला नव्हता.

गेल्या वर्षी माझे गुडघे गेले. मधलं बाक ओलांडताना मी अडखळले आणि तोंडावर पडले ती थेट माशांच्या बादलीत. वेंडेल हसला. मीही हसले. पण डिसेंबरमध्ये त्याने गॅरेजमध्ये होडी ओढून आणली आणि बाकं कापून काढली. सगळा हिवाळा तो तिथेच होता. मार्चमध्ये त्याने मला डोळे मिटायला सांगून आत नेलं. सपाट ओटा, त्यावर हिरवं कार्पेट, पाठ टेकायची खुर्ची आणि खुर्चीशेजारी उठताना धरायला एक दांडी. आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली, या माणसाने एकदाही फुलं आणली नाहीत, आणि माझ्या गुडघ्यांसाठी अख्खी होडी खोलून पुन्हा जुळवली. मी त्या खुर्चीत बसून रडले. तो म्हणाला, "पुसून घे, कार्पेट नवीन आहे."

मेच्या सुरुवातीला आर्वो जळवा घ्यायला आला. वेंडेलने मोठ्या ऐटीत त्याला होडी दाखवली. आर्वोने तिला एक फेरी घातली. काठाखाली टकटक केलं, पोकळ वाजलं. ओट्यावर केलं, भरीव वाजलं.

"फोम सगळा खाली?"

"खाली. आधी होता त्याच्या दुप्पट!"

"हं," आर्वो म्हणाला. त्याचा एक 'हं' म्हणजे दुसऱ्या कुणाचं तासाभराचं भाषण असतं. "रविवारी आण. बुडवू."

"का म्हणून? तुझ्या शेडमध्ये नाही झालेली ही."

"मी हीच चूक केली होती, वेंडेल."

"तू फिनिश आहेस. तुम्ही लोक सौनातून उघडे पळत जाऊन बर्फात उड्या मारता. तुमच्या होड्या उलट्या होणारच. ही आम्हा नॉर्वेजियनांची होडी आहे."

आर्वोने जळवांचा डबा उचलला आणि तो निघून गेला.

मी दुसऱ्या दिवशी त्याच्या शेडमध्ये गेले. तो फोम कापत होता.

"आर्वो, तू परत एकदा सांग ना त्याला."

"एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं की कटकट होते, आणि ते खातं तुझ्याकडे आहे."

"चेष्टा पुरे. खरंच उलटेल का रे?"

"भरली तर उलटेल."

"आणि भरेल कशाने?"

"तुझा नवरा बूच किती वेळा विसरलाय?"

"चारदा."

"मला पाच आठवतात."

 मी म्हटलं, "मग तू ती होडी घेऊन ये आणि बुडव. मी गॅरेज उघडून देते."

त्याने करवत खाली ठेवली. "मालकाने सांगितल्याशिवाय दुसऱ्याच्या होडीला मी हात लावत नाही. कधीच नाही." मग मी दारापर्यंत पोचल्यावर मागून आवाज आला, "नोंदणीचा कागद कुणाच्या नावावर आहे?"

घरी जाऊन मी खण उपसला. कागदावर दोन नावं होती. वेंडेल ट्वेट, मार्लिस ट्वेट. संध्याकाळी जेवताना तो कागद मी बटाट्यांच्या भांड्याशेजारी ठेवला.

"हे काय?"

"होडी अर्धी माझी आहे. माझी अर्धी मला बुडवून बघायचीय."

वेंडेलने कागद वाचला, पुन्हा वाचला. "तर मग तुझी अर्धी बुडव. माझी अर्धी ट्रेलरवर राहू दे."

"वेंडेल, मला पोहता येत नाही."

"पोहावं लागणारच नाही! म्हणून तर दुप्पट घातलाय ना!" तो ताटावरून उठला. त्याला फार लागलं होतं. मलाही तसं वागून बरं वाटत नव्हतं, कुणी आपल्यासाठी खुर्ची करावी आणि आपण तिच्यावर बसायच्या आधी पुरावा मागावा. पण मी कागद काही उचलला नाही.  शनिवारी संध्याकाळी त्याने स्वतःच ट्रेलर गाडीला जोडला. "बुडव म्हणावं. सगळ्या गावासमोर तरंगेल, आणि मग त्या फिनिश गड्याने माझी माफी मागायची."

रविवारी चर्चमधून आम्ही तसेच धक्क्यावर गेलो. सौनाच्या धुराड्यातून धूर निघत होता. आर्वोने मेलेलं इंजिन लावलं, मागे वेंडेलच्या वजनाच्या गोण्या ठेवल्या.

"मी बसतो," वेंडेल म्हणाला.

"माझी खुर्ची आहे, मीच बसणार," मी म्हटलं. "बुडवा म्हणणारी मी आहे."

आर्वोने बूच काढलं. पाणी आधी घोट्यांना लागलं, मग पोटऱ्यांना. थंडी अशी, की शिव्या सुद्धा सुचेनात. हिरवं कार्पेट फुगून वर आलं. पाणी काठाला टेकलं आणि होडी सरळ होती, अगदी सरळ. धक्क्यावरून वेंडेल ओरडला, "बघितलंस? बघितलंस का, आर्वो?"

मी त्याच्याकडे बघायला मान वळवली. तेवढंच केलं मी. होडी त्या बाजूला कलली, आणि थांबेल म्हणून मी वाट बघत राहिले, पण ती थांबलीच नाही. खुर्ची, गोण्या, मी, सगळं पाण्यात. जाकिटाने मला वर ढकललं तेव्हा तोंडात तळं होतं आणि डोळ्यांसमोर होडीचं चकचकीत पोट, त्यावर धरायला काही म्हणजे काही नाही.

आर्वो दोन हातांच्या अंतरावर उभा होता, तो त्यासाठीच तिथे उभा राहतो. पण माझ्यापर्यंत आधी पोचला वेंडेल. चर्चच्या विजारीत, बुटांसकट, उडी मारून. "मार्लिस, मार्लिस, मार्लिस," एवढंच म्हणत होता आणि मला इतकं घट्ट धरलं होतं की मला खोकताही येईना. मला भीती वाटली होती, त्याचा प्रचंड राग आला होता, आणि त्याचे दात वाजताना ऐकून रडूही आलं. त्याने माझ्या खांद्यावरून त्या उलट्या होडीकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

'मी सांगितलं होतं' असं आर्वो म्हणाला नाही. तो म्हणाला, "सौना तापलाय."

सौनात आम्ही तिघं टॉवेल गुंडाळून बसलो.  शेवटी वेंडेल म्हणाला, "दुप्पट घातला होता रे मी."

आर्वोने तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं. "म्हणून दुप्पट जोरात उलटली."

 वेंडेलच्या तोंडून आधी घोरल्यासारखा आवाज आला, मग तो हसायलाच लागला, इतका की टॉवेल सावरावा लागला. हसणं ओसरल्यावर म्हणाला, "उद्या सहाला येऊ?"

"सातला. सहाला मी झोपलेला असतो."

आठवडाभर होडी आर्वोच्या शेडमध्ये होती. ओटा उचकटायला त्याने हात लावला नाही. पहार वेंडेलच्या हातात दिली, "तू बसवलास, तू काढ." हिवाळाभर घासून घासून बसवलेल्या फळ्या वेंडेलने एकेक करून उपटल्या. मी डबा घेऊन जायचे तेव्हा दोघं निळ्या भुशाने माखलेले असायचे आणि भांडत असायचे. फोम काठाखाली चढला, मागे दोन पेट्यांत गेला. माझी खुर्ची वीतभर खाली आली. दांडी तशीच राहिली. शनिवारी हंगाम उघडला, दुकानात जळवा मोजायला मी एकटीच, श्वास घ्यायला फुरसत नव्हती, आणि दोन उपटसुंभ बूच विसरले. त्यांत वेंडेल नव्हता, कारण वेंडेल शेडमध्ये होता.

सोमवारी दुपारी होडी पुन्हा धक्क्याला आली. मी सांगून टाकलं होतं की मी आता कुठल्याही होडीत पाय ठेवणार नाही, मंगळवार गेला खड्ड्यात. म्हणून माझ्या खुर्चीत गोण्या ठेवल्या. किती ठेवल्या ते मी सांगणार नाही. वेंडेल मागे बसला. आर्वोने बूच काढलं.

होडी भरली. पाणी काठाला आलं, काठावरून आत-बाहेर करू लागलं. वेंडेल मांडीपर्यंत पाण्यात ताठ बसून होता.

"हल," आर्वो म्हणाला.

वेंडेल जरा हलला.

"अरे हल म्हणजे हल! लग्नात नाचतोस तसा!"

वेंडेलने दोन्ही काठ धरून अंग घुसळलं. होडी कलली.  ती परत आली, दुसऱ्या बाजूला कलली, परत आली आणि गुमान बसली. आर्वोने थर्मास उघडला, पत्र्याचा कप शिगोशीग भरून त्याच्या हातात दिला. वेंडेल सावकाश प्यायला लागला आणि अर्ध्यावर थांबला.

"संपव," आर्वो म्हणाला. "नाहीतर पास नाही."

"उरलेली माझी नाही."

वेंडेलने हात लांब करून माझ्या खुर्चीतल्या गोण्या एकामागून एक पाण्यात ढकलल्या. मग कप माझ्याकडे धरला. "ये. तुझी अर्धी थंड होतेय."

मी त्या दोघांकडे पाहिलं. आर्वो धक्क्याला खेटून उभा राहिला आणि त्याने आपला खांदा पुढे केला. मी त्यावर हात ठेवला, बुटांसकट खाली उतरले आणि दांडी धरून खुर्चीत बसले. पाणी मांड्यांवर चढलं. होडी जेमतेम हलली. मी कप घेतला. आर्वोची कॉफी नेहमीच भिकार असते, तशी ती होतीच. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि कप उलटा करून त्याला दाखवला.

मंगळवारी दुकान बंद होतं. बूच मी लावलं.